गागोद्याचा माणूस कुराण वाचतो

१९६२ साली एका पुस्तकावर ते लोकांच्या हाती पडायच्या आधीच वाद पेटला. कराचीच्या ‘डॉन’ या वर्तमानपत्राने झोड उठवली: एक हिंदू माणूस कुराणातल्या आयती निवडतो, त्यांची आपल्या मनाने मांडणी करतो, हा अधिकार त्याला कोणी दिला? टीका करणाऱ्याने पुस्तक पाहिलेलं नव्हतं. इकडे भारतातल्या काही मुस्लिम पत्रांनी ‘डॉन’लाच सुनावलं की आधी वाचा, मग बोला. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो सदुसष्टीचा म्हातारा त्याच सप्टेंबरात आसामातून पायी चालत पूर्व पाकिस्तानात शिरला. सोळा दिवस तिथल्या गावांमधून चालला, भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि पश्चिम बंगालात निघून गेला.

पुस्तकाचं नाव ‘रूहुल कुराण’, हिंदीत ‘कुराण-सार’. आणि म्हातारा म्हणजे विनोबा भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गागोदे, तालुका पेण.

मी पेणचा. शाळेत असताना विनोबांवर मी दोन वेळा भाषण केलंय, एकदा उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं होतं. त्या भाषणात भूदान होतं, पोचमपल्ली होती, गीताई होती, दाढी होती. पुढे कॉलेजात गेल्यावर ‘अनुशासन पर्व’ हे आणीबाणीतले दोन शब्द कळले आणि ‘सरकारी संत’ म्हणून विनोबांना मनातल्या मनात निकालात काढून टाकलं. आपल्या तालुक्यातला हा माणूस मूळ अरबीतून कुराण वाचत होता हे मला तिशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळलं ते एका व्हॉट्सॅप फॉरवर्डमुळे.

माझा एक मित्र रोह्याचा. सकाळच्या दिवा गाडीत तो रोह्याला बसतो, नागोठणे आणि कासू गेलं की पेणला मी चढतो, पनवेलला दोघंही उतरतो. तो कोकणी मुसलमान, घरात आमच्यासारखीच मराठी, थोडी आगरी वळणाची. एका सकाळी त्याने काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी कुराणातली एक आयत टाकली होती, मराठीत, खाली सुरेचा आणि आयतीचा आकडा: ९:५. मूर्तिपूजक जिथे सापडतील तिथे त्यांना मारा, अशा अर्थाची. आणि त्याखाली दोन शब्द: ‘आता बोला.’ त्या ग्रुपमध्ये तो एकटाच मुसलमान.

“काय बोलू?” तो म्हणाला. “मला पाठ येतं रे. अर्थ कुठे येतो?”

मला गीतेचा पंधरावा अध्याय पाठ आहे. जेवायला बसायच्या आधी आजोबा म्हणून घ्यायचे. अर्थ विचाराल तर पहिल्या दोन श्लोकांनंतर मीही गप्प. आम्ही दोघं त्या दिवशी पनवेलपर्यंत फारसं बोललो नाही.

विनोबांच्या आईलाही हीच अडचण होती. रुक्मिणीबाईंना संस्कृत येत नव्हतं. मुलाने गीतेचा एक मराठी अनुवाद आणून दिला तर तोही त्यांना अवघड वाटला, आणि त्या म्हणाल्या की तूच का करत नाहीस. १९१८ साली त्या गेल्या. गीताई लिहून झाली ती १९३०-३१च्या हिवाळ्यात. आपण गीताईकडे भक्तीचं पुस्तक म्हणून बघतो, पण तिच्या मुळाशी साधा प्रश्न आहे: जे रोज म्हणता ते तुम्हाला कळतं का? विनोबांचं पुढचं सगळं वाचन याच प्रश्नाभोवती फिरलं. त्यांनी धम्मपदाची नवी मांडणी केली, आसामच्या नामघोषेचं सार काढलं, जपुजीवर बोलले, बायबलचं सार काढलं. कुराण या रांगेत बसतं, पण त्याची तयारी सगळ्यांत कडक होती.

१९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधींनी विनोबांना निवडलं. देशातल्या बहुतेकांना हे नाव माहीत नव्हतं, म्हणून गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यांची ओळख करून दिली. त्यात सूतकताई आहे, संस्कृत आहे, आश्रमातलं संडास साफ करणंही आहे. आणि एक गोष्ट अशी आहे जी आमच्या शाळेच्या भाषणात कधीच आली नाही: कुराण मुळातून वाचायला या माणसाने एक वर्ष दिलं आणि त्यासाठी अरबी शिकला. का शिकला याचं कारणही गांधी देतात. शेजारच्या मुसलमानांशी जिवंत संबंध जोडायला त्याला ते गरजेचं वाटलं.

हे कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. तुलनात्मक धर्म हा विषय तोवर विद्यापीठांत चांगला रुळला होता. जर्मनीत थिओडोर नोल्डेकेने कुराणाच्या इतिहासावरचं पुस्तक १८६० सालीच छापलं होतं. विनोबांना त्या वाटेने जायचं नव्हतं. त्यांना वर्ध्याजवळच्या खेड्यातल्या माणसांशी बोलायचं होतं. पण म्हणून त्यांनी तयारीत सूट घेतली नाही. अरबीत ‘ह’ एक नसतो आणि ‘क’ही एक नसतो. ‘ऐन’ हा घशातून काढायचा वर्ण तर आपल्या वर्णमालेत नाहीच. मदरशातली पोरं हे उच्चार लहानपणापासून घोटतात, त्या शास्त्राला तजवीद म्हणतात. विनोबांनी ते चाळिशीत घोटलं. मौलाना आझादांनी त्यांचं पठण ऐकलं तेव्हा उच्चार ऐकून ते चकित झाले, अशी हकिकत सांगितली जाते. वेदपाठाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे नवीन नसावं, असा माझा अंदाज. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे त्यांनी शास्त्रं शिकली होती. स्वर चुकला तर मंत्र बिघडतो हे ज्याला माहीत आहे, त्याला ‘ऐन’ची किंमत कळणारच.

या तयारीची परीक्षा लवकरच आली. १९४८ साली, गांधींच्या खुनानंतर, विनोबा मेवातच्या मेव मुसलमानांमध्ये काम करत होते. फाळणीच्या दंगलीत उठलेली, परत यायला घाबरणारी माणसं. त्यांना पुन्हा जमिनीवर बसवणं हे तेव्हाचं काम. तिथे अरबी व्याकरण कोणी विचारलं नसेल. पण आपलं पुस्तक समोरच्याने मेहनत करून वाचलंय हे माणसाला कळतं, ते सांगावं लागत नाही.

मित्राला मी हे सगळं गाडीत सांगितलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ‘कुराण-सार’ मिळवलं आणि पुढचे काही आठवडे पेण ते पनवेल आम्ही ते वाचत गेलो. शेजारी पत्त्यांचा अड्डा, मध्ये भजनीमंडळ, आणि कोपऱ्यात आम्ही. पुस्तकाची रचना सोपी आहे. कुराणात सहा हजारांवर आयती आहेत. त्यांतून विनोबांनी सुमारे हजारेक घेतल्या आणि विषयवार लावल्या: ईश्वर, भक्ती, धर्म, नीती, मनुष्य, प्रेषित असे विभाग. प्रत्येक ठिकाणी सुरा आणि आयतीचा आकडा दिलेला, म्हणजे ज्याला मुळात जायचंय त्याने जावं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मित्राने विचारलं, “हजार घेतल्या. पाच हजार सोडल्या. त्या का सोडल्या?”

‘डॉन’चा प्रश्न वेगळ्या शब्दांत. पण या वेळी विचारणाऱ्याच्या हातात पुस्तक होतं.

आधी अधिकाराचं बघू. कुराणातून निवड करणं हे इस्लामी परंपरेला परकं नाही. अबू हमीद गझाली, ज्याच्यासारखा विद्वान इस्लामच्या इतिहासात क्वचित झाला, ११११ साली वारला. त्याचं ‘जवाहिर अल-कुराण’ म्हणजे कुराणातली रत्नं नावाचं पुस्तक आहे. त्यात त्याने ईश्वराविषयीच्या साडेसातशेच्या वर आयती ‘रत्नं’ म्हणून वेगळ्या काढल्या आणि सन्मार्गाविषयीच्या जवळपास तितक्याच ‘मोती’ म्हणून. दोन्ही मिळून पंधराशे. विनोबांनी जे केलं ते गझालीने साडेआठशे वर्षं आधी केलं होतं. म्हणजे निवड केली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. निवडणारा बाहेरचा होता, ही खरी बोच. आणि ती बोच मी हसण्यावारी नेणार नाही. उद्या कोणी बाहेरच्याने ज्ञानेश्वरीच्या हजार ओव्या निवडून ‘हा घ्या तुमचा आत्मा’ म्हटलं तर आपल्याकडे काय होईल याची कल्पना करून बघा. ‘रूह’ म्हणजे आत्मा. विनोबांनी नावच तसं दिलं होतं.

दुसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. विषयवार लावलं की प्रसंग जातो. कोणती आयत मक्केतली, प्रेषित एकटे आणि छळ सोसत असतानाची. कोणती मदिनेतली, समाज उभा राहिल्यावरची, तह आणि युद्धं सुरू झाल्यानंतरची. हे सारात दिसत नाही. विनोबांना ते नकोच होतं. त्यांना काळाच्या पलीकडचं हवं होतं, गीतेतही आणि कुराणातही. गीताप्रवचनं वाचताना कुरुक्षेत्रावरचं रक्त कुठे दिसतं? पण मित्राच्या मोबाइलवर जी आयत आली होती ती काळाच्या आतली होती. तिला उत्तर साराने मिळणार नव्हतं.

मग आम्ही ९:५ च्या आजूबाजूला बघितलं. फोनवरच, कुराणाचं ॲप उघडून. आधीची चौथी आयत म्हणते की ज्या मूर्तिपूजकांनी तुमच्याशी केलेला करार पाळला, तुमच्याविरुद्ध कोणाला मदत केली नाही, त्यांच्याशी केलेला करार मुदत संपेपर्यंत पाळा. नंतरची सहावी म्हणते की मूर्तिपूजकांपैकी कोणी आश्रय मागितला तर द्या, त्याला ईश्वराचं वचन ऐकू द्या आणि मग त्याच्या सुरक्षित ठिकाणी नेऊन पोचवा. फॉरवर्डवाल्याने मधली एक उचलली होती, दोन्ही बाजूच्या कापून. हा सगळा मजकूर करार मोडणाऱ्या अरब टोळ्यांबद्दलचा आहे, प्रेषितांच्या शेवटच्या वर्षांतला. अर्थात हे सांगून विषय मिटवता येत नाही. काही शास्त्रकारांनी याच पाचव्या आयतीने आधीच्या कितीतरी मवाळ आयती रद्द झाल्या असं धरलं, काहींनी ते मानलं नाही. तो वाद इस्लामच्या आत हजार वर्षं चाललाय. पण वाद चाललाय हे कळणं आणि ‘आता बोला’ यात फरक आहे.

आयत कोणत्या प्रसंगी उतरली याचा शोध घेणारं एक शास्त्र मुसलमान विद्वानांनीच उभं केलं. अकराव्या शतकात निशापूरच्या वाहिदीने त्यावर पुस्तक लिहिलं, ते आजही वाचतात. म्हणजे इतिहासाच्या उजेडात धर्मग्रंथ वाचणं हे सगळंच्या सगळं युरोपातून आलेलं नाही.

आणि इथे आमच्याच जिल्ह्यातला दुसरा माणूस येतो. त्याला तर पेण-रोह्यात कोणीच ओळखत नाही.

आसफ अली असगर फैजी. जन्म १० एप्रिल १८९९, माथेरान. विनोबांपेक्षा चार वर्षांनी लहान. सुलेमानी बोहरा घराणं, मुंबईच्या बद्रुद्दीन तय्यबजींच्या गोतावळ्यातलं. याच फैजी घराण्यातल्या नाझली बेगम जंजिऱ्याच्या नवाबांच्या पत्नी, म्हणजे रोह्यापलीकडे मुरूडला. नाझलींची बहीण अतिया १९०६ साली शिकायला लंडनला गेली, तिथली रोजनिशी तिने उर्दूत छापली, आणि मुहंमद इक्बाल आणि शिबली नोमानी यांच्याशी तिचा पत्रव्यवहार होता. आपण मुरूडला जंजिरा बघायला जातो, बोटवाल्याकडून तोफांची वजनं ऐकतो आणि परत येतो. (बोटवाल्यांचा दोष नाही. आम्हीच तोफेचं वजन विचारतो.)

आसफ फैजी मुंबईत आणि केंब्रिजला शिकले, वकील झाले, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४९ साली त्यांचं मुसलमानी कायद्यावरचं पुस्तक आलं. न्यायालयांत ते आजही उद्धृत होतं. त्याच वर्षी ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत म्हणून गेले. दहाव्या शतकातला फातिमी न्यायशास्त्री काझी नुमान याचा ‘दआइम अल-इस्लाम’ हा अरबी ग्रंथ त्यांनी हस्तलिखितं ताडून संपादित केला, तो कैरोत दोन खंडांत छापला गेला. बोहऱ्यांच्या घरांतली ही हस्तलिखितं शतकानुशतकं बाहेरच्याला दाखवत नसत. फैजींनी आपल्याकडचा संग्रह मुंबई विद्यापीठाला देऊन टाकला. कोणीही यावं, वाचावं.

१९६३ साली, म्हणजे विनोबांच्या ‘रूहुल कुराण’नंतर एका वर्षाने, फैजींचं ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ हे छोटं पुस्तक आलं. त्यात ते मुसलमानांना सांगतात की कुराण नव्याने समजून घ्यायचं तर धर्मांचा इतिहास शिका, सेमिटिक लोकांच्या धर्मांची तुलना करा, अरबीच्या बहीणभाषा आणि शब्दांचा इतिहास शिका, धर्म आणि कायदा यांची गाठ सोडवून दोन्ही वेगळे तपासा, जुनं धर्मशास्त्र पुन्हा पारखा, विज्ञानाकडे पाठ फिरवू नका. आज ज्याला आपण मानव्यविद्या म्हणतो, इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, कायद्याचा अभ्यास, ती सगळी हत्यारं ते धर्मग्रंथाजवळ आणून ठेवतात. आणि हे सांगणारा माणूस श्रद्धा सोडलेला नव्हता. कायदा काळाबरोबर बदलतो, श्रद्धेचा गाभा वेगळा, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या समाजातल्या अनेकांना ते रुचलं नाही.

एकाने काळ पुसला, दुसऱ्याने काळ परत आणला. गागोदे आणि माथेरान, डोंगरवाटांनी गेलं तर फार लांब नाहीत. हे दोघं कधी समोरासमोर बसले असते तर काय बोलले असते याचं मला कुतूहल आहे. मला वाटतं फैजींनी विनोबांना विचारलं असतं, आयतीची तारीख कुठे गेली? आणि विनोबांनी उलट विचारलं असतं, तुमचं हे इंग्रजी पुस्तक रोह्याच्या बाजारात कोण वाचणार?

दोघांचेही प्रश्न बरोबर. फैजी इंग्रजीतच राहिले. विनोबांचं सार साध्या माणसाला वाचता येतं, पण फॉरवर्डला उत्तर द्यायला फैजींची पद्धत लागते. मराठीत या दोन्हींना जोडणारं फार थोडं आहे. पाया मात्र जुना आहे. १६५३ साली हुसेन अंबरखान नावाच्या माणसाने मराठीत गीतेवर ‘अंबरहुसेनी’ ही टीका लिहिली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आहे. सेतुमाधवराव पगडींनी सूफी संप्रदायावर लिहिलं, साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर. रोह्यातच जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले मुंबईच्या एशियाटिकच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं जगभरची तत्त्वज्ञानं वाचत बसायचे. रोह्याशी नातं असलेल्या चिंतामणराव देशमुखांनी दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं केलं, तेही वेगवेगळ्या विचारांच्या लोकांनी एका छताखाली बोलावं म्हणून. दुसऱ्याचं पुस्तक उघडून बघायची सवय या मातीत नव्हती असं कोणी म्हणू नये.

मित्राने ग्रुपवर काय उत्तर दिलं हे तुम्ही विचाराल. त्याने चौथी आणि सहावी आयत टाकली, मराठीत, आकड्यांसकट. आणि लिहिलं, “मधलीच का पाठवली?” एकाने अंगठा दिला. बाकी शांतता. दुसऱ्या दिवशी क्रिकेटचा व्हिडिओ आला आणि विषय संपला. तेवढंच. पण त्यानंतर त्याने अरबी शिकायला घेतलंय, यूट्यूबवरून, मुळाक्षरांपासून. रोज नागोठण्यापर्यंत दहा शब्द. मला तो कधीकधी विचारतो की पंधराव्या अध्यायाचं कुठपर्यंत आलं, आणि मी खिडकीबाहेर बघतो.

मागच्या रमजानमध्ये इफ्तारला त्याच्या घरी गेलो होतो, रोह्याला. कुंडलिकेला भरती होती, खाडीचा वास येत होता. जेवणं झाल्यावर त्याच्या दादीला आम्ही विनोबांचं पुस्तक दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. “कोण हे?” त्यांनी विचारलं. “पेणचे एक पंडित होते दादी, त्यांनी कुराणातलं निवडून काढलंय,” मित्र म्हणाला. “कुराणातलं? वाच की मग,” त्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

त्याने पुस्तकातले आकडे बघून फोनवर अरबी आयत काढली आणि म्हणू लागला. तीन आयतींनंतर पुस्तकात आकडा उडी मारून पुढे जात होता, म्हणून तो थांबून पुढची शोधायला लागला. दादी थांबल्या नाहीत. डोळे मिटून त्या तशाच पुढे म्हणत राहिल्या, पुस्तकात नसलेली चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या लागोपाठ, आणि जिथे पुस्तक पुन्हा सुरू होत होतं तिथे येऊन पोचल्या. मग डोळे उघडले.

“मधलं ऱ्हायलं तुझ्या पंडिताचं,” त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, “पण जेवढं घेतलंय तेवढं बरोबर हाय. अजून वाच.”